साडेतेहेतीस

थंडीतलं मला कळतं.
अठरा वर्षं हडपसरात फ्रीज दुरुस्त करतोय,
कंप्रेसरला कान लावला की सांगतो
गॅस गेलाय का रिले.
मार्केट यार्डातल्या कोल्ड स्टोरेजला
रात्री दोनला उठून गेलोय,
बटाट्याला किती, द्राक्षाला किती, तोंडपाठ.

बाळाला किती, ते माहीत नव्हतं.

साडेतेहेतीस, सिस्टर रेचल म्हणाली. बहात्तर तास.
निळ्या गादीतून गार पाणी फिरत होतं
आणि वर माझी पोरगी, उघडी,
कुडकुडू नये म्हणून औषध दिलेली.
मी सवयीनं वाकलो. मशिनचा पंखा जरा घासत होता.
बोललो नाही.

नाळेचे दोन वेढे होते गळ्याला.
ठोके पडत गेले, ऐंशी, साठ,
बाहेर आली ती रडलीच नाही.
किती वेळ, कुणी नीट सांगत नाही,
कागदावर सात मिनिटं लिहिलंय.
सात मिनिटांत मी थर्मोस्टॅट बदलतो.

डॉक्टर मेहेंदळे खुर्ची ओढून बसल्या.
उभ्यानं सांगण्यासारखं नसावं.
मेंदूला ऑक्सिजन कमी पडला, म्हणाल्या,
थंडीनं आतली आग मंदावते, विझेलच असं नाही.
सोबत एक अभ्यास चालू आहे:
नाळेतलं रक्त राखलंय,
त्यातल्या मूळ पेशी तिच्याच तिला, तीनदा, शिरेतून.
कुणाला पेशी, कुणाला नुसती थंडी, ते कंप्युटर ठरवतो.
"मेंदूत नवं काही उगवेल का?"
"बहुतेक नाही. जे तग धरून आहे ते जगेल, असं वाटतंय."
"वाटतंय?"
"वाटतंय," म्हणाल्या, आणि थांबल्या.
ते थांबणं मला पटलं.
आमच्या धंद्यात गॅरंटी आधी लिहून देतात.

नऊ पानी कागद. खालच्या मजल्यावर वैजयंता,
टाक्यांमुळे उठता येईना,
झोपूनच सही केली, अक्षर उतरणीला लागलेलं.
कंप्युटरनं पेशी दिल्या.

सासूबाई बार्शीहून आल्या. पिशवी खाली ठेवायच्या आधी,
नाळ कुठाय?
ती पुरायची असते, कुणाच्या पायाखाली येऊ द्यायची नसते.
म्हटलं, लॅबमध्ये.
बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, "म्हंजे तिच्यातच पुरणार, म्हणा की."

रात्री अकराला लॅबचा पोरगा आला थर्माकोलचा डबा घेऊन,
हेल्मेट अजून डोक्यावरच.
सिरिंजमध्ये थोडंसं, फिकट,
कोकम सरबतात पाणी जास्त झाल्यासारखं.
ज्या दोरानं गळा आवळला त्याच्यातलंच हे.
मला त्याच्यावर राग धरायचा होता जन्मभर.
सिस्टरनं घड्याळ बघितलं, बटण दाबलं,
थेंब निघाले,
खाली रास्ता पेठेत कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं,
लागत नव्हती.

चौथ्या दिवशी अर्ध्या अर्ध्या अंशानं वर आणली.
छत्तीसला रडली. मांजरीसारखं.
पलीकडच्या पेटीतल्या बाळाचा बापही उठून उभा राहिला.

आता अकरा महिने.
डावा अंगठा मुठीत लपवून ठेवते,
दिवसातून चारदा आम्ही तो उघडतो.
बसते. पडते. नाव घेतलं की वळते, बहुतेक वेळा.
हे पेशींनी केलं, थंडीनं, का असंच होणार होतं,
डॉक्टर म्हणतात, मोजमाप संपू दे.
तो दुसरा बाप तपासणीला लिफ्टमध्ये भेटतो.
त्याच्या पोराला नुसती थंडी मिळाली.
आम्ही एकमेकांच्या पोरांचे हात बघतो
आणि मजल्यांचे आकडे.

काल दुकानात ती सरकत सरकत गेली
आणि चालू फ्रीजला कान लावून बसली.
काय ऐकत होती, कोण जाणे.
गिऱ्हाईक म्हणालं, झाला का हो?
म्हटलं, थांबा जरा.